शुगर आणि हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना गाऊट झाला तर औषधं कशी सांभाळावीत

रात्री जेवून झोपेपर्यंत सगळं ठीक असतं. पहाटे दोन-अडीचच्या सुमारास पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. उजाडेपर्यंत सांधा लाल, गरम आणि इतका हुळहुळा होतो की चादरीचं टोक लागलं तरी माणूस कळवळतो. हा गाऊटचा झटका: रक्तात युरिक ॲसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साठले की येतो. मेडिकल उघडल्या उघडल्या घरातलं कोणीतरी जाऊन ‘दुखीची गोळी’ घेऊन येतं. तरण्या मुलाचा पाय मुरगळला असता तर ती गोळी बहुधा खपून गेली असती. पण सत्तरी ओलांडलेल्या, पंधरा-वीस वर्षं शुगर असलेल्या, स्टेंट बसलेल्या आणि किडनी थोडी थकलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका त्या गोळीचाच असतो.

गाऊटवर चांगली, जुनी आणि स्वस्त औषधं आहेत. अडचण येते ती शुगरच्या, बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्यांच्या गर्दीत ती शिरतात तेव्हा. खाली दिलेले डोस डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत. ते वाचून घरच्या घरी काही सुरू किंवा बंद करू नये.

सगळ्या गोळ्या एका कागदावर

गाऊट झालेल्या ज्येष्ठाचे बहुतेक वेळा तीन-चार डॉक्टर असतात. एक शुगरचे, एक हृदयाचे, एक फॅमिली डॉक्टर, शिवाय हाडांचे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, आणि चौघांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघणारं कोणीच नसतं. म्हणून पहिलं काम तेच करायचं.

एका पानावर प्रत्येक गोळीचं औषधाचं नाव (ब्रँडचं नव्हे), ताकद आणि वेळ लिहा. मेडिकलवाले पट्टी कापून देतात तेव्हा नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो आणि घरी येतात त्या सहा बिननावी गोळ्या. ‘नाव असलेली बाजू द्या’ असं सांगून घ्यायचं, आणि गोळ्या संपवताना नावाचा भाग शेवटपर्यंत ठेवायचा. एका गोळीत दोन-तीन औषधं मिसळलेली असतात तीही सुटी करून लिहा. बीपीच्या मिश्र गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारी औषधं, ती युरिक ॲसिडही चढवतात) दडलेलं असतं. दुखण्याच्या मिश्र गोळीत ॲसिक्लोफेनॅक हे सूज उतरवणारं वेदनाशामक असतं, आणि घरचे तिला ‘पॅरासिटामॉलच ना’ म्हणून देत राहतात.

त्याच कागदावर खाली चार आकडे असू द्या: शेवटचं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), युरिक ॲसिड आणि रोजचं वजन. गाऊटच्या जवळजवळ प्रत्येक औषधाचा डोस ईजीएफआरवर ठरतो. नुसतं क्रिएटिनिन बघून फसायला होतं. सुकलेल्या, स्नायू उतरलेल्या आजींचं क्रिएटिनिन १.२ असलं तरी किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं.

हा गाऊटच आहे ना?

शुगरवाल्याच्या लाल, गरम, सुजलेल्या पायाला गाऊट म्हणून मोकळं होणं धोक्याचं आहे. तशाच दिसणाऱ्या तीन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. पहिली, त्वचेखालचा जंतुसंसर्ग: लाली सांध्यापुरती न राहता वर चढत जाते, कुठेतरी भेग, जखम किंवा बोटांमध्ये चिखल्या सापडतात. दुसरी, सांध्यात पू होणं: ताप, हुडहुडी, सांधा जरासुद्धा हलवता न येणं. तिसरी शार्को फूट, म्हणजे नसा बधिर झाल्यामुळे पायाची हाडं आतल्या आत मोडणं. त्यात पाय सुजतो आणि गरम लागतो, पण त्या मानाने दुखतं फार कमी. या तिन्हींत स्टिरॉइड देऊन बसलो तर पाय हातचा जाऊ शकतो. ताप असेल, जखम असेल किंवा हा आयुष्यातला पहिलाच झटका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवायचा. शंका राहिली तर सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यात स्फटिक आहेत की जंतू, हे बघता येतं. खात्रीची तपासणी तीच.

झटका चालू असताना काढलेलं युरिक ॲसिड नॉर्मल आलं तरी गाऊट नाही असं होत नाही. त्या दिवसांत ते अनेकांचं खाली जातं. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

ठणका लागल्यावरचे पहिले दिवस

पाय उशीवर उंच ठेवा, पायावर पांघरूण नको. बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाय बधिर असेल किंवा रक्तपुरवठा कमी आहे असं सांगितलेलं असेल तर बर्फही नको. गरम पाण्याची बादली तर कुणालाच नको: बधिर पायाला चटका कळत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. चोळायचं नाही, मालिश नाही, कुठलाही गरम लेप नाही.

औषधांचे मार्ग तीन: सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कोल्चिसिन आणि स्टिरॉइड. तिन्ही जवळपास सारखाच आराम देतात. निवड ठरते ती बाकीच्या आजारांवर.

वेदनाशामकांपासून सुरुवात करू, कारण तीच सगळ्यात आधी पोटात जातात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, इंडोमेथासिन ही सगळी एकाच कुळातली. ती शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपी वाढतं आणि कमजोर हृदयाच्या माणसाला दोन-तीन दिवसांत धाप लागू शकते. किडनीचा रक्तपुरवठा ती आकुंचित करतात. त्यातच रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिघांचा मिळून किडनीवर घाला पडतो. उन्हाळा, जुलाब किंवा उपवास यांची भर पडली की चांगला चाललेला माणूस आठवड्यात डायलिसिसच्या दारात जाऊन उभा राहतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनचं हृदयासाठीचं कामच अडवतं. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ साली हृदयविकार, हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) किंवा पक्षाघात झालेल्यांना डायक्लोफेनॅक देऊच नये असं ठरवलं. एटोरिकॉक्सिबलाही हृदयविकारात मनाई आहे. आपल्याकडे या गोळ्या चिठ्ठीविना सहज मिळतात, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगणं भाग आहे. डॉक्टरांची भेट होईपर्यंत दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम चालतं, दिवसभरात मिळून ३ ग्रॅमच्या आत. सूज त्याने उतरत नाही, पण हृदयाला आणि किडनीला ते त्या मानाने सुरक्षित.

कोल्चिसिन हे अशा माणसांसाठी बऱ्याचदा चांगलं औषध. शुगर वाढवत नाही, पाणी धरून ठेवत नाही. अट एकच, लवकर सुरू करणं: पहिल्या बारा तासांत उत्तम, छत्तीस तास उलटल्यावर फारसा उपयोग नाही. आपल्याकडे ०.५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. सध्याची पद्धत अशी: सुरुवातीला दोन गोळ्या, तासाभराने एक, त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून झटका उतरेपर्यंत एक गोळी एकदा किंवा दोनदा. ‘जुलाब लागेपर्यंत दर तासाला एक’ ही जुनी रीत अजून कुठे कुठे सांगितली जाते. ती सोडून द्या. जास्त घेऊन आराम वाढत नाही, फक्त जुलाब वाढतात, आणि शुगरवाल्याला जुलाबाने अंगातलं पाणी आटणं परवडत नाही. जुलाब लागलेच तर कोल्चिसिन थांबवून डॉक्टरांना फोन करा आणि शुगरच्या मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीची गोळी, शिवाय रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायच्या का, हे त्याच फोनवर विचारा.

कोल्चिसिनला सोबत चालत नाही अशी औषधं मात्र हृदयरोग्यांच्याच चिठ्ठीत असतात. डिल्टिआझेम, वेरापामिल आणि रॅनोलाझिन यांच्यामुळे ते रक्तात साचतं, म्हणून डोस कमी करावा लागतो. खोकल्यासाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीसाठीचं इट्राकोनाझोल आणि किडनी बदललेल्यांना मिळणारं सायक्लोस्पोरिन ही आणखी धोक्याची. किडनी थकलेली असताना कोल्चिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र घेणं जिवावर बेतू शकतं. कोलेस्टेरॉलसाठीचं ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन (स्टॅटिन) चालू असणाऱ्यांना कोल्चिसिन देता येतं, पण मांड्यांत शक्ती नसल्यासारखं वाटलं, जिना चढता येईना, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले किंवा लघवी गडद झाली तर दोन्ही गोळ्यांबद्दल त्याच दिवशी विचारायचं. वय झालं म्हणून असं होतं असं समजून महिनाभर थांबू नये. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर कोल्चिसिनचा डोस फक्त डॉक्टरांनी ठरवायचा, आणि एकदा कोर्स झाला की दोन आठवडे पुन्हा नाही.

आणखी एक गोष्ट हल्ली दिसू लागली आहे. हेच कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम रोज एक असं काही हृदयरोगतज्ज्ञ रक्तवाहिन्यांतला दाह कमी करण्यासाठी देतात. २०२० च्या लोडोको-२ या ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत त्याने हृदयाचे नवे झटके आणि पक्षाघात घटल्याचं दिसलं, आणि अमेरिकेत २०२३ साली त्या वापराला मान्यता मिळाली. नंतर २०२४ साली आलेल्या, ताज्या हार्ट अटॅकनंतरच्या एका मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही, त्यामुळे सगळेच ते देत नाहीत. घरातल्यांनी बघायचं ते इतकंच: हृदयाच्या डॉक्टरांच्या यादीत कोल्चिसिन आधीच आहे आणि गाऊटसाठी दुसऱ्या ब्रँडच्या नावाने तेच पुन्हा आलं आहे, असं तर झालं नाही ना?

स्टिरॉइडकडे वळावं लागतं ते किडनी फार थकलेली असेल किंवा कोल्चिसिन झेपत नसेल तेव्हा. एकच सांधा धरला असेल तर त्यात इंजेक्शन देणं अनेकदा बरं पडतं, अर्थात सांध्यात जंतू नाहीत याची खात्री करून. त्यानेही शुगर काही दिवस चढते. गोळी असेल तर साधारण प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस. आपल्याकडे डेफ्लाझाकॉर्टही खूप दिलं जातं. त्याचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. नाव वेगळं असलं तरी तेही स्टिरॉइडच, शुगर त्यानेही चढते.

इथे एक ठरलेली चूक होते. घरात शुगर तपासतात ती सकाळी उपाशीपोटी. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपारी चढतो, रात्री जेवणापर्यंत टिकतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. त्यामुळे सकाळी मशीन १२० दाखवतं, सगळे निश्चिंत होतात, आणि दुपारी जेवणानंतर तीच शुगर ३२० असते. स्टिरॉइडच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बोट टोचा. वहीत वेळ लिहा. सलग दोनदा ३०० च्या वर गेली, फार तहान लागली, लघवी वाढली किंवा गुंगी आली तर त्याच दिवशी कळवा. इन्शुलिन वाढवायचं असेल तर ते बहुधा सकाळ-दुपारचं वाढवावं लागतं. रात्रीचं वाढवलं तर पहाटे शुगर खाली जाते, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला घाम फुटून पडलेलं सकाळपर्यंत कोणी बघत नाही. पाच दिवसांनी स्टिरॉइड थांबलं की वाढवलेलं इन्शुलिन पुन्हा कमी करायचं, हेही सुरुवातीलाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

गावोगाव मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांनी ‘जादूसारखा’ फरक पडला तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यावा. महिनोन्महिने त्या घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नयेत. डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू उतरवाव्या लागतात.

युरिक ॲसिड उतरवायची गोळी

झटका शमवणं एक आणि युरिक ॲसिड कायमचं खाली आणणं दुसरं. वर्षात दोन किंवा जास्त झटके, सांध्याजवळ किंवा कानाच्या पाळीवर खड्यासारख्या गाठी, किंवा एक्सरेत हाड कुरतडलेलं दिसणं, यांपैकी काहीही असेल तर रोजची गोळी लागते. पहिलाच झटका असला तरी किडनी बरीच थकलेली असेल, युरिक ॲसिड ९ च्या वर असेल किंवा मुतखडा झालेला असेल तर तिचा विचार होतो. रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे स्फटिक होऊ लागतात, म्हणून उद्दिष्ट ६ च्या खाली आणि गाठी असतील तर ५ च्या खाली.

पहिली पसंती ॲलोप्युरिनॉलला. झायलोरिक या नावाने ते जुन्या लोकांच्या ओळखीचं आहे. सुरुवात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर ५०, म्हणजे १०० च्या गोळीचा अर्धा तुकडा. समजा, आजोबांचा ईजीएफआर ४८ आहे. चार आठवडे ५०. मग युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन तपासून १००. पुन्हा चार आठवड्यांनी तपासून १५०. असं ६ च्या खाली येईपर्यंत. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. घोळ होतो तो इथेच: १०० वर सुरू केलेली गोळी पाच वर्षं १०० वरच राहते, युरिक ॲसिड ८ च्या आसपास लटकत राहतं, झटके येत राहतात आणि सगळे म्हणतात, ‘गोळी लागू पडत नाही.’ गोळी लागू पडते, डोस पोहोचलेला नसतो. किडनी थकलेली असली तरी सावकाश, रक्त तपासत डोस वाढवता येतो.

पहिले तीन महिने अंगावर लक्ष ठेवा. पुरळ, खाज, तोंडात फोड, डोळे लाल, ताप: यांतलं काहीही दिसलं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. हे क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं आणि ती गोळी पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ॲलोप्युरिनॉल नको. दोन्ही मिळून अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी तयार होतात ती जागा, दाबली जाते. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) लवकर तपासून घ्यावा.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळताना हलतात. याची कल्पना आधी दिली नाही तर माणूस ‘या गोळीनेच दुखलं’ म्हणून ती सोडतो. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची रोज एक ०.५ ची गोळी देतात. किडनी थकलेली असेल तर आणखी कमी. आणि झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नाही. ते चालू ठेवून झटक्यावर वेगळे उपचार करायचे.

आता फेबुक्सोस्टॅट. ४० मिलिग्रॅमची एक गोळी, डोस हळूहळू चढवत बसायची फारशी कटकट नाही, म्हणून आपल्याकडे ती भराभर लिहिली जाते. हृदयरोग्याने मात्र इथे थांबून विचारायला हवं. २०१८ साली केअर्स या चाचणीचा निकाल आला. गाऊट आणि हृदयरोग दोन्ही असलेल्या ६,१९० लोकांमध्ये हृदयाच्या कारणाने मृत्यू फेबुक्सोस्टॅटच्या गटात ४.३ टक्के, तर ॲलोप्युरिनॉलच्या गटात ३.२ टक्के होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या गोळीवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. नंतर २०२० साली ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या साठीपुढच्या ६,१२८ लोकांवरची फास्ट ही चाचणी आली आणि तीत असा जास्तीचा धोका दिसला नाही. पण तीत नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेले आणि गंभीर हार्ट फेल्युअरचे रुग्ण घेतलेले नव्हते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून आमचं मत असं: हृदयविकार असेल तर आधी ॲलोप्युरिनॉल नीट, पुरेशा डोसपर्यंत वापरून बघावं. ते सोसलं नाही किंवा पुरेसं पडलं नाही तर फेबुक्सोस्टॅट, तेही हृदयाच्या डॉक्टरांना सांगून. वर्षानुवर्षं फेबुक्सोस्टॅटवर ठीक असलेल्यांनी हे वाचून गोळी फेकू नये. पुढच्या भेटीत प्रश्न विचारावा.

दुखत काही नाही, नुसता रिपोर्ट लाल

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये युरिक ॲसिड ७.८ येतं, रिपोर्टवर ठळक अक्षरात उमटतं, आणि एकही सांधा कधी सुजला नसताना गोळी सुरू होते. बहुतेकांना तिची गरज नसते. ‘हृदयासाठी बरी’ म्हणूनही ती घेऊ नये: ब्रिटनमधल्या ऑल-हार्ट चाचणीत हृदयविकार असलेल्या, पण गाऊट नसलेल्या साठीपुढच्या ५,७२१ लोकांना ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिलं, आणि २०२२ साली निकाल आला तो हृदयाला काही फायदा नसल्याचा. गाऊट नसताना गोळी म्हणजे पुरळाचा धोका फुकट विकत घेणं.

शुगर-बीपीच्या गोळ्या गाऊटला काय करतात

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड युरिक ॲसिड वाढवतात. फक्त बीपीसाठी यांपैकी काही चालू असेल तर बदल करता येईल का ते विचारा. बीपीच्याच लोसार्टन आणि ॲम्लोडिपिन या गोळ्या युरिक ॲसिड थोडं उतरवतात. पण पायावरची सूज आणि धाप यांसाठी टॉर्सेमाइड चालू असेल तर ते स्वतः बंद केल्यास माणूस दोन दिवसांत आयसीयूत जाऊ शकतो. ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिननेही युरिक ॲसिड किंचित वाढतं, तरी स्टेंट असलेल्याने ती गोळी गाऊटपायी सोडायची नाही.

शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन इथे दुहेरी कामाच्या. हार्ट फेल्युअर आणि किडनी सांभाळतात, आणि लघवीतून युरिक ॲसिड बाहेर काढून गाऊटचे झटकेही कमी करतात. ईजीएफआर बसत असेल तर गाऊट असलेल्या शुगरवाल्यासाठी यांचा विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा. पथ्य दोन: जननेंद्रियाची स्वच्छता, कारण बुरशी होते, आणि उपाशी राहायच्या किंवा आजारपणाच्या दिवशी गोळी घ्यायची का ते आधीच विचारून ठेवणं. शुगरचंच पायोग्लिटाझोन चालू असेल तर ते स्वतःच पाणी धरतं, त्यात स्टिरॉइड किंवा वेदनाशामकाची भर नको.

लघवीच्या जळजळीसाठी मिळणारं अल्कलायझर सिरप ‘युरिक ॲसिड धुऊन काढतं’ म्हणून पितात. बहुतेकांत भरपूर सोडियम असतं, काहींत पोटॅशियम. सोडियमने बीपी आणि सूज वाढते. पोटॅशियम रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसोबत घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

खाणं आणि उपवास

पथ्याने युरिक ॲसिड फार तर अर्धा-एक मिलिग्रॅम उतरतं, त्यामुळे पथ्याच्या नावाखाली गोळी टाळू नका. कलेजी, गुर्दा, भेजा बंद. मटण क्वचित, थोडं. सुकट, जवळा, तारली, कोळंबी यांचं प्रमाण कमी. बिअर सगळ्यात वाईट; गटारीला मटणाचं ताट आणि बिअर एका बैठकीत झाली की दोन-तीन दिवसांत अंगठा बोलतो. कोल्ड्रिंक, उसाचा रस, डब्यातले फळांचे रस शुगर आणि युरिक ॲसिड दोन्ही चढवतात. डाळी, पालक, टोमॅटो सोडायचं कारण नाही. म्हाताऱ्या माणसाची डाळ बंद केली की राहतो नुसता भात-पोळी, शुगर चढते आणि स्नायू उतरतात. साय काढलेलं दूध आणि ताक चांगलं.

निर्जळी उपवास मात्र टाळाच. पाणी आटतं, उपाशीपोटी शरीरात तयार होणारी कीटोन आम्लं युरिक ॲसिडची लघवीतली वाट अडवतात, आणि पारण्याच्या सुमारास ठणका लागतो. इन्शुलिन किंवा शुगरच्या ग्लिमेपिराइड गोळीवर असणाऱ्याची शुगरही उपवासात कोसळू शकते, आणि डापाग्लिफ्लोझिनवर असणाऱ्याच्या रक्तात आम्ल साचू शकतं. एकादशी करायचीच असेल तर पाणी, ताक आणि थोडं थोडं फराळाचं खाऊन करा, आणि गोळ्यांची वेळ आधी विचारून घ्या. पाणी किती प्यायचं हेही हृदयावर ठरतं. हार्ट फेल्युअरमध्ये दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातली असेल तर ‘गाऊटला पाणी जास्त’ हा सल्ला तिथे लागू नाही.

झटक्यानंतरचे दोन महिने

२०२२ साली ब्रिटनमधल्या गाऊटच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गाऊटच्या झटक्यानंतरच्या साठ दिवसांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. या दोन महिन्यांत ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीपीची गोळी एकही दिवस चुकू देऊ नका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर हृदयाच्या डॉक्टरांना कळवा. शुगरवाल्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. अचानक धाप, थंड घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ, कारण नसताना मळमळ आणि गळून जाणं एवढंच असू शकतं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात उचलेना, तर तो पक्षाघात. दोन्हींत १०८ ला फोन, घरी वाट बघणं नाही.

ऑपरेशन किंवा ॲन्जिओग्राफी ठरली असेल तर गाऊट असल्याचं आणि कोणती गोळी चालू आहे ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण ऑपरेशननंतरच्या दिवसांत झटका यायची शक्यता असते. ॲलोप्युरिनॉल शक्यतो चालूच ठेवतात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन मात्र मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. ते दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि घरी परतल्यावर थांबवलेली प्रत्येक गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.